लीडची एक जागा शिल्लक होती

नागावला मी याआधी दोनदा गेले होते. दोन्ही वेळा ऑफिसच्या सहलीबरोबर, आणि दोन्ही वेळा बाकीचे पाण्यात असताना वाळूवर सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल सांभाळत बसले होते. यंदा जानेवारीत आठवडाभराची रजा टाकून तिसऱ्यांदा गेले, ती नाचायला. घरी सांगितलं तेव्हा आईने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

नाच स्विंग. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीत साधारण शंभर वर्षांपूर्वी जॅझच्या तालावर जन्मलेला, जोडीने करायचा. पुण्यात कोथरूडच्या एका हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी त्याचे वर्ग चालतात. तिथे मी दोन वर्षं जात होते आणि त्याबद्दल कुणाशी फारसं बोलत नव्हते. जोडीत एकजण 'लीड' असतो, म्हणजे पुढे काय करायचं ते ठरवणारा, आणि दुसरा 'फॉलो', म्हणजे ते हातातून समजून घेऊन आपला रंग भरणारा. मी अर्थातच फॉलो होते. कुणीतरी येऊन विचारायचं, मी उठायचं, गाणं संपलं की भिंतीपाशी परत. मला ते फार सोयीचं होतं.

शिबिराला नाव द्यायला फोन केला तेव्हा आयोजक निरंजन म्हणाला, "फॉलोच्या जागा भरल्या. लीडची एक शिल्लक आहे, हवी असेल तर." मूळचा बेळगावचा, आता बंगळूरला शिकवणारा हा माणूस, बोलणं मोजकं. मला 'नको' म्हणायचं होतं. पण 'नको' म्हटलं की कारण द्यावं लागतं, आणि कारण पटकन सुचलं नाही. म्हणून मी "चालेल" म्हणाले. इतक्या फालतू कारणाने मी लीड झाले.

वाडी

पेण ते अलिबाग रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांनी तो न सोसता थेट नागावच्या वाडीत यावं. नारळ-सुपारीची लांबट वाडी, एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. मधल्या सारवलेल्या खळ्यावर प्लायवूडचे तक्ते ठोकून मांडव घातला होता. हाच आमचा नाचाचा हॉल. प्लायवर वाळू आली की पाय घसरतात आणि नाही आली तर बूट अडकतात, म्हणून दर तासाला एकजण झाडू मारायचा आणि दुसरा त्याच्यामागून टाल्कम पावडर शिंपडायचा. दिवसभर सगळ्या वाडीला न्हाऊन निघालेल्या बाळाचा वास येत असे.

वाडी जागृतीताई आणि त्यांचे यजमान रमाकांतकाका यांची. शेजारच्या दोन घरांत ताईंच्या दोन जावा. पाहुण्यांना खोल्या देतात, जेवण तिघी मिळून करतात आणि दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढतात. मी पाठीवरची सॅक उतरवली तशा ताई म्हणाल्या, "एकटीच आलीस गो? बरं केलंस. पन त्या माडाखाली उभी राहू नको. त्याचा भरवसा न्हाय."

माझी खोलीसोबतीण दिल्लीची हरप्रीत. फॉलो. ती दहा मिनिटांत सगळ्या शिबिराशी बोलून आली आणि मला येऊन सगळ्यांची माहिती सांगू लागली, जणू मी तिला त्यासाठीच पाठवलं होतं.

पहिल्या संध्याकाळी नुसता मोकळा नाच होता. मोकळ्या नाचाचा एक रिवाज आहे. कुणीही कुणालाही विचारावं. समोरच्याने हवं तर हो म्हणावं, नको असेल तर "नको, थँक्यू" म्हणावं, आणि विचारणाऱ्याने हसून पुढे जावं. कारण द्यायचं नाही, विचारायचं नाही. आमच्याकडे नाही म्हणायला निदान पोट तरी बिघडावं लागतं, नाहीतर गावाहून पाहुणे यावे लागतात. या उघड्यावाघड्या 'नको'ची मला सवय नव्हती. फॉलो असताना तो माझ्या वाट्याला कधी आलाच नव्हता, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी धीर करून एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आता नको, थँक्यू." इतकंच. तिचा चेहरा प्रेमळ होता. मी हसले, पुढे जाण्याऐवजी खोलीत गेले, आणि जेवणाची हाक येईपर्यंत बाहेर आले नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस

सकाळी घावन आणि नारळाचा रस. माझ्या आईचं घावन जाड असतं. इथलं इतकं पातळ आणि जाळीदार की त्यातून पलीकडचा माणूस दिसावा. रसात गूळ आणि वेलची. चार खाल्ली आणि लगेच उड्या मारायच्या वर्गाला गेले. हे करू नये.

वर्गात लीड बाहेरच्या वर्तुळात, फॉलो आतल्या, आणि दर थोड्या वेळाने फॉलो एक घर पुढे सरकतात. त्यामुळे तासाभरात माझ्यासमोर डझनभर माणसं येऊन गेली: मुली, मुलगे, एक निवृत्त प्राध्यापक. लीडच्या ओळीत मी धरून आम्ही तिघीच मुली. बाकी दोघी वर्षानुवर्षं लीड करणाऱ्या. त्यांना पाहिलं की वाटायचं, यांना जन्मतःच कुठे जायचं ते माहीत असावं.

माझी चूक काय होती ते पहिल्यांदा हरप्रीतने सांगितलं. मी प्रत्येक हालचालीआधी पुटपुटत होते, "आता फिरवते, चालेल?" "आता सोडते, चालेल ना?" आणि ती "हो" म्हणेपर्यंत ताल निघून गेलेला असायचा. मधूनच मी हात सैल सोडून म्हणायचे, "तुला हवं ते कर. काहीही चालेल."

ती थांबली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "यार, 'कुछ भी' नाम की स्टेप मुझे नहीं आती."

आजूबाजूचे हसले. मीही हसले, पण कान तापले. आमच्या घरात 'काहीही चालेल' हे सभ्यतेचं लक्षण. कुठे जेवायचं, काहीही चालेल. कुठला रंग, कुठलाही चालेल. अशाने आम्ही चौघं एकदा संध्याकाळभर गाडीत फिरून उपाशी घरी आलो होतो, कारण कुणीच हॉटेल निवडलं नाही.

निरंजनने मला बाजूला घेतलं. "तू तिच्यावर जबरदस्ती होऊ नये म्हणून विचारतेस, हे कळतं. पण ती हात देऊन उभी आहे, म्हणजे तिने हो म्हटलंच आहे. आता तू काही सुचवलं नाहीस तर सगळा विचार तिलाच करावा लागतो. तुझा संकोच तिच्या खांद्यावर जातो."

तेवढ्यात वरून सडसडत एक वाळकी झावळी आली आणि मांडवाच्या कडेवर आपटली. सगळे ओरडत पांगले. स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला, "सांगितला व्हता ना, भरवसा न्हाय!" रमाकांतकाकांनी झावळी ओढत नेली आणि वर्ग पुन्हा सुरू झाला. मला त्या झावळीचे उपकार वाटले. दोन मिनिटं कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जिताड्याचं कालवण होतं. हा मासा इकडे इतका मानाचा की ताईंनी तो वाढताना प्रत्येकाचं ताट स्वतः पाहिलं, आणि दिल्लीकडचे काटे कसे काढतात याकडे तिन्ही जावा दारात उभ्या राहून बघत होत्या. जेवण झाल्यावर निरंजन माझ्या शेजारी येऊन बसला. हैदराबादच्या एका मुलीचा घोटा मुरगळला होता, ती घरी निघाली होती.

"फॉलोची एक जागा रिकामी झालीय. तुला आधी तीच हवी होती. घ्यायची तर घे, कुणी काही म्हणणार नाही."

मी "चालेल" म्हणायला तोंड उघडलंच होतं.

"आत्ता नको सांगू," तो म्हणाला. "उद्या फिरायला जातोय. परत आल्यावर सांग. पण जे सांगशील ते उरलेला आठवडाभर राहील. रोज बदलता येणार नाही."

त्या दुपारी मी समुद्रावर एकटीच चालत गेले. ओहोटी होती, वॉटर स्पोर्ट्सवाल्यांच्या बोटी वाळूवर कलंडल्या होत्या. मला मनातून फॉलोची जागा हवी होती. फॉलो होणं सोपं नसतं, ते हरप्रीतला नाचताना पाहून कळतं. पण मला ती नाचासाठी नको होती. लपण्यासाठी हवी होती. हे स्वतःशी कबूल करायला रेवदंड्याच्या दिशेने बरंच चालावं लागलं.

आगरदांडा

चौथा दिवस सुट्टीचा. मिनीबस करून आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूडकडे गेलो. रस्त्यात एका ठिकाणी पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसल्या आणि निवृत्त प्राध्यापकांनी बस थांबवून दोन वेण्या गळ्यात घातल्या. उरलेला दिवस आमच्या बसला भजीच्या गाडीचा वास.

आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट जाते. गाड्याही तीतूनच जातात. आम्हाला दिघीला काही काम नव्हतं. नुसतं जायचं आणि त्याच बोटीने परत यायचं. डेकवर दोन टेम्पो, काही दुचाक्या, मुरूडकडचं एक कुटुंब आणि रिकाम्या पाट्या पालथ्या घालून त्यांवर बसलेल्या तीन-चार कोळणी. खाडीच्या मधोमध कुणीतरी छोटा स्पीकर काढला. गाणं लागलं. दोन जोड्या टेम्पोंमधल्या जागेत नाचू लागल्या.

हरप्रीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "चल, लीडजी."

"इथे?"

"नहीं, दिघी पहुँचके. इथेच ना!"

डेक ओला होता. हात धरला तेवढ्यात बोट एका बाजूला झुकली, हरप्रीतचा तोल गेला आणि तिचं सगळं वजन माझ्या हातात आलं. विचारायला वेळच नव्हता. मी मागे रेलले, तिला ओढून घेतलं, आणि तीच ओढ पुढे फिरत गेली. ती माझ्याभोवतून वळली, हाताच्या टोकापर्यंत बाहेर गेली, परत आली. स्विंगआउट. या नाचातली पायाभूत हालचाल, जी मी दोन वर्षं दुसऱ्या बाजूने केली होती आणि तीन दिवस या बाजूने बिघडवत होते. बोट पुन्हा झुकली, मी पुन्हा ठरवलं. प्रत्येक वेळी बरोबर ठरलं असं नाही. एकदा आम्ही टेम्पोच्या फाळक्यावर आदळलो. पण आदळायचं तरी मी ठरवलं होतं.

कोळणींमधली एक म्हणाली, "अगो बघ, ही पोरगी त्या पोरीला फिरवते. बाप्याचा काम करते."

दुसरी म्हणाली, "बाप्या कवा कुनाला इतका सांबालतो? तुजा तर होडीत बसल्याबरोबर झोपतो."

सगळ्या पाट्या हलल्या इतक्या त्या हसल्या. पहिलीने मला विचारलं, "तुला पगार देतात काय गो याचा?"

"न्हाय मावशी, आम्हीच पैसे देतो," असं मी म्हणाले. एरवी मी मान हलवून बाजूला झाले असते. त्यांनी यावर डोक्याला हात लावला आणि दिघीला उतरताना मला दोन हात लांबून आशीर्वादासारखं काहीतरी केलं. माशांचे हात म्हणून लांबून.

बसमधून उतरल्या उतरल्या मी निरंजनला गाठलं. "मी लीडच राहते."

"नक्की?"

"नक्की." पुढे काही जोडावंसं वाटत होतं, उगाच, समजुतीसाठी. जोडलं नाही.

शेवटची संध्याकाळ

पुढचे दिवस छान गेले असं नाही, बरे गेले. मी विचारलं, काहींनी नको म्हटलं, मी खोलीत गेले नाही. पायाला फोड आले. एका संध्याकाळी पहिल्या दिवशी नको म्हणालेली मुलगी माझ्याबरोबर नाचून झाल्यावर म्हणाली, "तुझा हात स्पष्ट असतो." मी ते वाक्य रात्री उशाशी घेऊन झोपले.

शनिवारी संध्याकाळी शिबिराचा शेवट. या शिबिराचा एक रिवाज आहे: शेवटच्या दिवशी यजमान गावाला बोलवायचं आणि प्रत्येक लीडने कधीच न नाचलेल्या एका माणसाला एका गाण्यापुरतं नाचवायचं. आणि रायगडात जानेवारी म्हणजे पोपटी. तेल नाही, पाणी नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरायची, तोंडाला पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. सूर्य बुडता बुडता मांडवाच्या कडेला तीन मडक्यांभोवती जाळ लागला. मधल्या जाऊबाई त्यावर पाण्याचे शिंतोडे मारून झालं का ते बघत होत्या. शेजारपाजारची बायकापोरं खुर्च्या घेऊन आली होती.

मी जागृतीताईंपाशी गेले. हात पुढे केला. "ताई, नाचाल माझ्याबरोबर?"

"मी? चल, काय तरीच. माजं वय काय, तुजं काय."

"नको असेल तर नको म्हणा. मला वाईट वाटणार नाही." आणि खरंच वाटलं नसतं.

त्यांनी जावांकडे पाहिलं. धाकटीने तोंडाला पदर लावला होता. मधली म्हणाली, "जा की वैनी! पिक्चरमधे घेतील."

ताईंनी पदर खोचला. माझा हात घट्ट धरून हळूच म्हणाल्या, "येते. पन मधेच सोडायचा न्हाय हां. या दोघी वर्सभर बोलतील."

"नाही सोडणार."

गाणं सुरू झालं. मी अगदी साध्या पावलांनी सुरुवात केली, एका जागी. ताईंचा हात आधी लाकडासारखा होता. मग त्यांना कळलं की ओढलं की यायचं, सैल सोडलं की जायचं. पाय चुकत होते पण ताल पक्का. हळदीला नाचलेले पाय होते ते. मी त्यांना एकदा फिरवलं. समोरून टाळ्या आल्या. ताईंनी मान वर केली. मी त्यांना दुसऱ्यांदा फिरवायला हात उचलला, आणि सगळं बंद पडलं.

गाणं गेलं, मांडवातले दिवे गेले. वाडीच्या टोकाला रमाकांतकाकांनी दिवेलागणीला पंप चालू केला होता, वर्षानुवर्षं करतात तसा. आमचा मोठा स्पीकर, दिवे आणि पंप एकदम, फ्यूज उडाला. मांडवातल्या जोड्या जागच्या जागी थांबल्या. हात सुटले. अंधुक उजेड होता तो पोपटीच्या जाळाचा.

ताई थांबल्या. त्यांचा हात माझ्या हातात पुन्हा लाकडाचा झाला. खुर्च्यांतून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मधल्या जाऊबाईंचा आवाज आला, "झाला वैनी तुमचा नाच! या आता शेंगा सोलायला!"

वर्गात निरंजन तालाचे आकडे म्हणतो, तेही मी कधी तोंडाने म्हटलेले नाहीत. शाळेच्या प्रार्थनेतही मी नुसते ओठ हलवायचे. पण हात माझ्या हातात होता, आणि सोडायचा नाही असं मी बोलले होते.

"एक, दोन," मी म्हणाले. आवाज कुठून तरी दुसरीकडून आल्यासारखा. मग मोठ्याने, "तीन आणि चार. पाच, सहा, सात आणि आठ." हात वर उचलला. ताई फिरल्या.

"एक, दोन, तीन आणि चार." आता मी ओरडतच होते. शांत वाडीत तो आवाज सुपाऱ्यांपर्यंत जात होता आणि मला तो थांबवावासा वाटत नव्हता. हरप्रीतने टाळी धरली, आमच्या नाचातली, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावरची. मग सगळ्या शिबिराने धरली. खुर्च्यांतल्या बायकांनी त्यांची धरली, पहिल्या आणि तिसऱ्यावर. दोन्हींच्या मधोमध आम्ही. मी ताईंना हाताच्या टोकापर्यंत बाहेर जाऊ दिलं, पूर्ण, आणि परत आणलं. जाळाच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसला. त्या जावांकडे बघत नव्हत्या. माझ्याकडेही बघत नव्हत्या. नाचत होत्या.

शेवट कुठे करायचा हे सांगायला गाणं नव्हतं, म्हणून तोही मीच ठरवला. "सात आणि आठ!" आम्ही दोघी थांबलो, एकत्र, बरोबर.

नाचून झालं की लीडने जोडीदाराला तिच्या जागेपर्यंत सोडायचं असतं. मी ताईंना हाताला धरून त्यांच्या खुर्चीपर्यंत नेलं आणि म्हणाले, "थँक्यू, ताई." त्यांना दम लागला होता. बसत त्या मधलीला म्हणाल्या, "काय म्हनत होतीस? शेंगा? तूच सोल आज."

अंधारातून रमाकांतकाका बॅटरी घेऊन आले. "काय झालं? लाइट गेली काय?" फ्यूजची तार शोधायला निरंजन त्यांच्याबरोबर गेला.

मी वळले, तर समोर धाकट्या जाऊबाई उभ्या. पदर खोचलेला, चपला काढलेल्या, हात माझ्याकडे केलेला.

"गाना न्हाय तर नसूदे," त्या म्हणाल्या. "तुजा आवाज हाय ना."

मी त्यांचा हात धरला, पाय जमिनीवर रोवले आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "एक."